कोरडे इरले
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, भोर येथे केलेले भाषण)



मला रहस्यकथांचे व्यसन आहे. शिक्षकाने ही कबुली भर सभेत द्यावी की नाही, कोण जाणे! पण दोष घराण्याचा आहे. वडिलांच्या पेटीत बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके असत. या माणसाने हजारांवर रहस्यकथा लिहिल्या. आजोबांच्या उशाशी मात्र इब्ने सफींची उर्दू ‘जासूसी दुनिया’ असे. ही माला १९५२ साली अलाहाबादेत सुरू झाली. कर्नल फरीदी पुढे काय करतो हे कळावे, म्हणून मी उर्दू नेटाने शिकलो.

वाचता वाचता वाटले, आपणही एक खून करावा. अर्थात कागदावर! तोरण्याच्या पायथ्याशी, वेल्ह्याकडच्या एका वाडीत, ऐन भातलावणीत सावकाराचा खून होतो, अशी कथा मी रचली. शेवटी खुनी निघाला घरचा गडी. वही मी नववीतल्या एका मुलीला वाचायला दिली. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “सर, गडी गरीब आहे, याखेरीज त्याच्याविरुद्ध पुरावा काय?”

मी निरुत्तर झालो. वर्गात कुणाचे पैसे हरवले, की आपली नजर आधी कोणाच्या फाटक्या दप्तराकडे जाते? बदगुमानी करू नये, असे आपण मुलांना सांगतो. आणि मी तीच चाळीस पाने भरून केली होती.

मग मी नव्याने विचार केला. अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधालयात काम करीत. विषांचे ते ज्ञान त्यांच्या १९२० सालच्या पहिल्याच कादंबरीत उपयोगी पडले. म्हणजे लेखकाने आपल्या ओळखीच्या गोष्टींतूनच पुरावा शोधावा. मला विषे ठाऊक नाहीत. पाऊस ठाऊक आहे. आमच्या पावसात पावलांचे ठसे घटकाभरही टिकत नाहीत. पण भर पावसात शेतावरून धावत आलो, असे सांगणाऱ्या पुतण्याचे इरले खुंटीवर कोरडे असेल तर?

मी कथा शेवटाकडून लिहीत मागे आलो. आधी खुनी ठरवला, मग त्याची चूक, आणि ते कोरडे इरले दुसऱ्याच पानावर उघड्यावर टांगून ठेवले. वाचकापासून पुरावा लपवणे ही लबाडी. तो समोर ठेवूनही त्याला चकवणे ही कला.

या खेपेस ती मुलगी वही परत देताना म्हणाली, “सर, इरले मला दिसले होते, पण मी नीट पाहिलेच नाही.”

पालकहो, मुलांच्या हातातले असले पुस्तक हिसकावून घेऊ नका. संशय घेणे सोपे असते, पुरावा शोधणे कठीण, हे ती त्यातूनच शिकतील.

खुदा हाफिज. जय हिंद!