शब्द ओळखीचा, अर्थ परका

श्रोतेहो, ३६ वर्षें मीं मुलांना शब्दार्थ शिकविले; परंतु दोन शब्दांचे अर्थ मला पुस्तकांत नव्हे, तर दवाखान्यांत आणि बँकेंत शिकावे लागले. त्यांचीच हकीकत आज सांगणार आहें.

माझ्या धाकट्या भावाच्या मूत्रपिंडाच्या दुखण्याला डॉक्टरांनीं कागदावर ‘क्रॉनिक’ असें विशेषण लाविलें होतें. आम्हीं त्याचा अर्थ ‘असाध्य’ असा घेतला, आणि घरांत दोन दिवस कोणाला अन्न गोड लागलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं उलगडा झाला. ‘काळ’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेलें हें विशेषण दुखण्याची मुदत सांगतें, तीव्रता नव्हे. मूत्रपिंडाचा विकार तीन महिन्यांहून अधिक टिकला कीं तो क्रॉनिक. एकाएकीं उद्भवणारा तो अक्यूट. पथ्य आणि औषध सांभाळून भाऊ पुढें अकरा वर्षें जगला.

तो गेल्यावर दुसरा धडा मिळाला. त्याच्या लग्नापूर्वींच्या एका ठेवीवर ‘नॉमिनी’ म्हणून माझें नांव होतें. बँकेनें रक्कम माझ्या हातीं दिली. नॉमिनी म्हणजे मालक, अशी माझी समजूत. घराच्या डागडुजीचा बेतही मीं केला. भावजय कांहींच बोलली नाहीं, कारण तिचीही समजूत तीच होती. वकिली करणारा माझा एक जुना विद्यार्थी सहज भेटीस आला असतां म्हणाला, “गुरुजी, नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा, पैशांचे धनी वारसच.” सर्वोच्च न्यायालयानें बँकेच्या ठेवीविषयीं २०१० सालीं आणि कंपन्यांच्या शेअर्सविषयीं २०२३ सालीं हेंच सांगितलें आहे. आयुर्विम्यांत मात्र २०१५ च्या दुरुस्तीपासून आईबाप, पति, पत्नी किंवा मुलें नॉमिनी असल्यास सामान्यतः रक्कम त्यांचीच होते. म्हणजे एकच शब्द, आणि दोन दारांत त्याचे दोन अर्थ!

ती रक्कम मीं भावजयीच्या व मुलांच्या स्वाधीन केली. विद्यार्थी त्या दिवशीं आला नसता, तर शब्दार्थ शिकविणाऱ्या मास्तरानें पोरक्या मुलांचा पैसा निष्पाप मनानें खर्चून टाकला असता.

श्रोतेहो, अनोळखी शब्द दिसला म्हणजे आपण कोश उघडतों. फसवितो तो ओळखीचा वाटणारा शब्द. म्हणून डॉक्टरांना व वकिलांना निःसंकोच विचारावें, “या शब्दाचा येथें अर्थ काय?” विचारण्यांत कमीपणा नाहीं.