आधी रनिंग मोजा, मग गाडी घ्या : डिझेल की हायब्रिड?



घर आणि लग्नकार्य सोडलं तर मध्यमवर्गीय कुटुंबाचा सगळ्यात मोठा खर्च गाडीवर होतो. पंधरा-वीस लाखांचा हा निर्णय नांदेड-लातूरकडे बऱ्याचदा पाहुण्यांनी कोणती गाडी घेतली यावर ठरतो. पूर्वी त्याने फारसं बिघडत नसे. आता बिघडतं, कारण आता चुकीची निवड खिशाला वर्षानुवर्षं चाट लावते. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. डिझेल चांगलं की हायब्रिड, हा प्रश्न नंतरचा. आपली गाडी वर्षभर कोणत्या रस्त्यावर किती धावते, हे आधी ठरलं पाहिजे.

मराठवाड्याला डिझेलची सवय का लागली, हे आपण जाणतोच. आपल्याकडे गावं लांब, रेल्वे कमी आणि रस्ते खडतर. काळी-पिवळी जीप, १९९४ ची सुमो, २००० सालची बोलेरो या गाड्यांनी तालुका आणि जिल्हा जोडला. त्यात डिझेल सरकारी दरामुळे स्वस्त होतं. २०१२ साली पेट्रोल आणि डिझेलमध्ये लिटरमागे तीस रुपयांच्या आसपास अंतर होतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि हे अंतर आटत गेलं. पुढे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले. धूर गाळण्याची यंत्रणा बसवणं भाग पडल्याने डिझेल गाड्या महागल्या आणि त्याच मुहूर्तावर मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. गावोगावच्या मेकॅनिकला तोंडपाठ झालेलं ते १.३ लिटरचं इंजिन असं मागे पडलं. २०२२ मध्ये मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर या गाड्या स्ट्राँग हायब्रिड रूपात आल्या, त्या वर्षाच्या अखेरीस इनोव्हा हायक्रॉस आली आणि आपल्यासमोर खरा पर्याय उभा राहिला.

अशा स्ट्राँग हायब्रिडमध्ये पेट्रोल इंजिन असतं, शिवाय विजेची मोटर आणि बॅटरी असते. तिला चार्जर लागत नाही. ब्रेक दाबला की एरवी उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा मोटर परत घेते आणि बॅटरीत साठवते. पुन्हा निघताना तीच वीज चाकांना मिळते. म्हणून जिथे थांबणं-निघणं जास्त, तिथे हायब्रिडचा फायदा जास्त. लातूरच्या गंजगोलाईभोवती किंवा नांदेडच्या वजिराबादच्या गर्दीत तिचं इंजिन बराच वेळ बंदच असतं. एप्रिल-मेच्या उन्हात क्लासबाहेर मुलांची वाट बघत थांबलात तरी एसी बॅटरीवर चालतो, अधूनमधून तेवढं इंजिन चालू होतं. लोह्याच्या पुढे हायवेला एकाच वेगाने निघालात की ब्रेक लागत नाही, परत मिळणारी वीज आटते आणि सगळा भार पेट्रोलवर येतो. डिझेल इंजिन मात्र अशाच सलग रस्त्यावर खुलतं. त्यात एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे बारा टक्के ऊर्जा जास्त असते.

आता हिशोब करू. पेट्रोल १०५ आणि डिझेल ९२ रुपये धरू. कंपनीच्या आकड्यांनुसार ग्रँड विटारा हायब्रिड लिटरला २७.९७ किलोमीटर जाते, तर क्रेटा डिझेल मॅन्युअल २१.८. म्हणजे कागदावर किलोमीटरला हायब्रिडचा खर्च पावणेचार रुपये आणि डिझेलचा सव्वाचार. रस्त्यावर हे आकडे टिकत नाहीत. शहरात हायब्रिडने २२ आणि डिझेलने १४ चं अ‍ॅव्हरेज दिलं असं धरा. हायब्रिडला ४ रुपये ७७ पैसे लागतील, डिझेलला ६ रुपये ५७ पैसे. हायवेवर हायब्रिड २० आणि डिझेल १९ धरा. तिथे हायब्रिडला सव्वापाच रुपये आणि डिझेलला ४ रुपये ८४ पैसे. म्हणजे शहरात हायब्रिड पावणेदोन रुपयांनी स्वस्त आणि हायवेवर डिझेल चाळीस पैशांनी स्वस्त.

यातून एक सोपा नियम निघतो, तो घरी घेऊन जा. या दरांना डिझेल गाडी २० चं अ‍ॅव्हरेज देत असेल, तर बरोबरीसाठी हायब्रिडने २३ च्या जवळ दिलं पाहिजे. शहरात डिझेलचंच अ‍ॅव्हरेज घसरतं, त्यामुळे तिथे हायब्रिड ही बरोबरी सहज ओलांडते. भरधाव हायवेला मात्र हे जमवणं कठीण जातं.

अ‍ॅव्हरेज तपासताना डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका. टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर, नोझल पहिल्यांदा बंद होईल तिथेच थांबून पुन्हा फुल करा. नांदेड-लातूर रस्त्यावर तर जाणं आणि येणं दोन्ही मोजलं पाहिजे. लातूर नांदेडपेक्षा अडीचशे मीटरहून जास्त उंचीवर आहे. अहमदपूर-चाकूरमार्गे लातूरकडे जाताना गाडी एकूण चढत असते आणि परतताना उतरत असते. फक्त परतीचं अ‍ॅव्हरेज सांगून गाडीची तारीफ करणारे आपल्या ओळखीत असतीलच.

ताकदीचं बोलू. ग्रँड विटाराच्या १.५ लिटर हायब्रिडची एकत्रित ताकद सुमारे ११६ अश्वशक्ती आहे, क्रेटा डिझेलचीही तेवढीच. पण डिझेलचा २५० न्यूटन मीटरचा टॉर्क कमी आरपीएमलाच हाती येतो. पाच माणसं, सामान, एसी चालू आणि समोर उसाने भरलेला ट्रॅक्टर असताना ओव्हरटेक करायचा, तर हा टॉर्क धीर देतो. हायब्रिड सिग्नलवरून चटकन निघते, पण हायवेला पूर्ण भाराने चढताना तिचं तीन सिलिंडरचं इंजिन आवाज करू लागतं. मोठ्या इंजिनाच्या हायब्रिडमध्ये ही तक्रार उरत नाही. हायक्रॉसची एकत्रित ताकद १८६ अश्वशक्ती आहे, डिझेल इनोव्हा क्रिस्टाची १५०. तरीही नांदेडच्या हुजूर साहिबला आलेल्या भाविकांना बीदरच्या नानक झिऱ्याला नेणारा, शिवाय माहूरच्या फेऱ्या मारणारा व्यावसायिक क्रिस्टा निवडत असेल, तर त्याचं गणित पक्कं आहे. मजबूत चॅसी, मागच्या चाकांना ताकद आणि हायवेचंच रनिंग ही तिची जमेची बाजू.

रोजच्या वापरात दोन्हींच्या अडचणी वेगळ्या आहेत. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळायला तो चांगला तापावा लागतो आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. घर ते शाळा, शाळा ते भाजी मंडई अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत तो तापतच नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो. तो दिसताच पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी हायवेला काढा. दिव्याकडे दुर्लक्ष केलं तर बिल भलंमोठं येतं. बऱ्याच डिझेल गाड्यांत डीईएफ नावाचं द्रावणही भरत राहावं लागतं.

हायब्रिडची बॅटरी जागा खाते. ग्रँड विटारामध्ये ती डिकीखाली असल्याने डिकी उथळ झाली आहे. तुळजापूरला सहकुटुंब, बिछायत आणि डबे घेऊन निघणाऱ्यांनी सामान ठेवून बघितल्याशिवाय बुकिंग करू नये. बॅटरीला थंड हवा देणारी जाळी बहुतेक मागच्या सीटजवळ असते. आपल्याकडच्या धुळीत तिथला फिल्टर सर्व्हिसिंगच्या वेळी साफ झालाय का, हे विचारून घ्या आणि त्या जाळीवर पिशव्या ठेवू नका. नारिंगी रंगाच्या जाड केबलला प्रशिक्षित माणसाशिवाय कुणी हात लावू नये, कारण त्यातून उच्च दाबाची वीज जाते. बॅटरीची भीती मात्र थोडी बाजूला ठेवा. टोयोटा तिला आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देते.

आणखी एक सावधगिरी. 'स्मार्ट हायब्रिड' किंवा 'माइल्ड हायब्रिड' असं लिहिलेली गाडी ही स्ट्राँग हायब्रिड नव्हे. त्यातली छोटी मोटर इंजिनाला हात देते, एकटी गाडी ओढत नाही. शोरूममध्ये एकच प्रश्न विचारा : इंजिन बंद असताना ही गाडी विजेवर पुढे जाते का?

कराचाही हिशोब घ्या. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या खासगी पेट्रोल गाडीला १२ टक्के मोटार वाहन कर आहे, डिझेलला १४ टक्के. पंधरा लाखांवर हा फरक तीस हजारांचा होतो. उत्तर प्रदेशने २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला. महाराष्ट्रानेही तसा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं. शाळा-दवाखान्यांसमोर उभ्या असलेल्या गाड्यांची इंजिनं बंद राहिली तर त्याचा लाभ सगळ्या शहराला होतो.

मग कुणी काय घ्यावं? महिन्याला दोन हजारांहून जास्त किलोमीटर आणि तेही बहुतेक पुणे-हैदराबादच्या हायवेला होत असतील, तर डिझेल अजूनही योग्य आहे. तेवढंच रनिंग शहरातलं असेल, तर हायब्रिड डिझेलपेक्षा दीड लाखाने महाग असली तरी चार वर्षांच्या आत पैसे वसूल होतात. आणि महिन्याला पाचशेच किलोमीटर होत असतील, तर साधी पेट्रोल गाडी घ्या. ती शहरात १२ चं अ‍ॅव्हरेज देत असली, तरी हायब्रिडमुळे तुमचे वर्षाला चोवीस हजारांच्या आसपासच वाचतील. पेट्रोलपेक्षा अडीच लाखांचा जादा दाम धरला, तर तो फिटायला दहा वर्षं जातील.

आपण वर्षातून एकदा होणाऱ्या तिरुपतीच्या प्रवासासाठी गाडी निवडतो आणि उरलेलं वर्ष ती गल्लीबोळात चालवतो. त्या एका प्रवासाला गाडी भाड्याने मिळते. म्हणून माझी विनंती आहे की बुकिंगआधी तीन महिने, आज जी गाडी किंवा मोटारसायकल असेल तिचं रनिंग एका वहीत लिहा. एका रकान्यात शहर, दुसऱ्यात हायवे. ती वही घेऊनच शोरूममध्ये जा. समोरचा माणूस योजना आणि सवलती सांगेल, त्या ऐकून घ्या, पण सही वहीतल्या आकड्यांवर करा.