निरोप कोणाचा?



डहाणू-तलासरीच्या वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा ऐन भरात असताना पाड्यापाड्यांतून एक निरोप फिरला : गोदूताई परुळेकर तलवाड्यास येणार, त्यांच्या जिवाला धोका आहे, सर्वांनी जमावे. निरोप खोटा होता. जमीनदारांच्या हस्तकांनी तो पसरविला आणि पोलिसांनाही बोलावून ठेवले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी हजारो आदिवासी जमले, गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण हुतात्मे झाले. निरोप पोचविण्यात कोठेही कसूर नव्हती. तो कोणाचा, हे पडताळण्याची सोय मात्र नव्हती.

आज वाढवण बंदराचे वा भूसंपादनाचे कागद वृत्तपत्राकडे धाडू पाहणाऱ्या एखाद्या कारकुनापुढे हाच प्रश्न उभा राहतो. ‘टॉर’ या जाळ्यात संदेश एकावर एक कुलपे घालून तीन टप्प्यांतून जातो. पहिल्या टप्प्याला धाडणारा ठाऊक, पण ठिकाण नाही. या जाळ्याचे मूळ अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत आहे, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा! तथापि आपण लपलो म्हणजे समोरचा खरा ठरला, असे नव्हे.

तेथील गुप्त संकेतस्थळाचा पत्ता ५६ अक्षरांचा असतो. तो स्थळाच्या गणिती किल्लीतूनच निघतो, म्हणून हुबेहूब तोच पत्ता दुसऱ्यास घेता येत नाही. भामटे आरंभीची काही अक्षरे जुळवून नकली दार उभारतात आणि पत्त्यांच्या याद्यांत घुसडतात. यास्तव याद्यांवर विसंबू नये. वृत्तपत्राच्या नेहमीच्या, जाहीर संकेतस्थळावरूनच पत्ता घ्यावा आणि शेवटच्या अक्षरापर्यंत ताडून पाहावा. टॉरचा ब्राउझरही मूळ संस्थेकडूनच घ्यावा व अद्ययावत ठेवावा.

पत्ता खरा असला तरी मालक तोच असेल, याची हमी नाही. अमली पदार्थांचा ‘हान्सा’ हा गुप्त बाजार २०१७ साली डच पोलिसांनी ताब्यात घेतला आणि सुमारे महिनाभर गुपचूप चालविला. दार तेच, दुकानदार बदललेला! म्हणून योग्य दारी पोचल्यावरही स्वतःचे नाव, नेहमीचा ई-मेल वा फोन क्रमांक देऊ नये. कचेरीच्या संगणकावरून तर हे काम मुळीच करू नये. तेथून उतरविलेली फाइल जाळ्याशी जोडलेले असताना उघडू नये. ती परस्पर बाहेर संपर्क साधून ठावठिकाणा उघड करू शकते. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात स्थळ व वेळ नोंदलेली असते, तीही आधी पुसावी.