सांडपाण्यातील वीज आणि तिचा हिशेब

(लकडगंज, नागपूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या अभ्यासवर्गाला सांडपाण्याचा विषय ठेवला, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. लाकडाच्या वखारी आणि आरागिरण्या यांच्या या वस्तीत बोलायचे तर मजुरीबद्दल, घरांबद्दल, फार तर विजेच्या दराबद्दल बोलावे, अशी आपली सवय आहे. आज मीही विजेबद्दलच बोलणार आहे. मात्र ती वीज आपल्याच घरांतून निघणाऱ्या मैलापाण्यातील आहे. गटाराच्या पाण्यावर दिवे लागणार, अशा बातम्या अधूनमधून आपल्या वाचनात येतात. कार्यकर्त्याने अशा बातम्यांवर भाळू नये आणि त्यांची चेष्टाही करू नये. त्याने हिशेब मांडून पाहावा.

प्रथम मूळ गोष्ट समजून घेऊ. मैलापाण्यात जे सेंद्रिय द्रव्य असते, ते जिवाणूंचे अन्न होय. हे अन्न पचविताना इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि जिवाणूला ते कोठेतरी टाकावे लागतात. हवा असेल तेथे प्राणवायू ते घेतो. परंतु जेथे हवा पोहोचत नाही अशा चिखलात राहणाऱ्या काही जिवाणूंना हे इलेक्ट्रॉन लोहासारख्या खनिजावर टाकण्याची विद्या साधलेली आहे. त्यांच्यापुढे खनिजाऐवजी कर्बाची पट्टी ठेवली, तर ते पट्टीवर टाकतात. या पट्टीला तार जोडून तिचे दुसरे टोक हवेच्या संपर्कातील दुसऱ्या पट्टीला लावले, की इलेक्ट्रॉन तारेतून तिकडे वाहू लागतात. हायड्रोजनचे भारित कण मधल्या पडद्यातून पलीकडे जातात आणि तेथे प्राणवायूशी संयोग होऊन पाणी बनते. तारेतून वाहतो तो विद्युत्प्रवाह. या योजनेस सूक्ष्मजैविक इंधनघट म्हणतात. एकाच टाकीत घाण कमी होते आणि वीजही मिळते, हे तिचे आकर्षण.

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ पॉटर यांनी १९११ साली यीस्ट आणि जिवाणू यांच्यापासून वीज निर्माण होते हे दाखविले. १९३१ साली अमेरिकेत कोहेन यांनी असे अनेक घट जोडून ३५ व्होल्ट मिळविले. पण प्रवाह अवघा २ मिलिअँपिअर होता. पुढे १९८७ साली पोटोमॅक नदीच्या गाळात डेरेक लव्हली यांना जिओबॅक्टर कुळातील जिवाणू सापडला आणि इलेक्ट्रॉन बाहेर टाकण्याच्या क्रियेचा नीट अभ्यास सुरू झाला. २००४ साली पेनसिल्व्हेनियात ब्रूस लोगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष घरगुती सांडपाण्यावर घट चालवून दाखविला.

आपल्या देशातही हे काम झाले आहे. हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत वेंकट मोहन यांनी आणि खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत मकरंद घांगरेकर यांच्या गटाने यावर दीर्घकाळ संशोधन केले. खरगपूरच्या गटाची एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. घटातील पडदा परदेशी बनावटीचा घेतला तर फार महाग पडतो. या मंडळींनी त्याच्या जागी भाजलेल्या मातीचे भांडे वापरून पाहिले आणि ते उपयोगी ठरले. इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या संशोधकांनीही भाजलेल्या मातीचा असाच उपयोग केला. त्यांनी २०१५ साली ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवात मुतारीतील मूत्रावर दिवे लावून दाखविले. विज्ञान नेहमीच महागड्या यंत्राच्या रूपाने यावे लागत नाही, कधी ते कुंभाराच्या आव्यातूनही येते, हे आपण ध्यानात ठेवावे.

आता हिशेब. मैल्याचे मोजमाप तो पूर्ण जाळण्यास किती प्राणवायू लागेल यावरून करतात. ज्या मैल्यास १ किलो प्राणवायू लागतो, त्यात सुमारे ३.९ युनिट ऊर्जा साठलेली असते. मध्यम प्रतीच्या सांडपाण्यात दर घनमीटरला अशी ४०० ग्रॅम मागणी धरली, तर एका घनमीटरमागे दीड युनिटाहून थोडी अधिक ऊर्जा येते. आपल्या शहराच्या पूर्वेस भांडेवाडी येथे २० कोटी लिटर, म्हणजे २ लाख घनमीटर पाणी रोज शुद्ध करण्याच्या क्षमतेचे केंद्र आहे. तेवढ्या पाण्यात या हिशेबाने रोजची सुमारे ३ लाख युनिटे साठलेली असतात. आकडा मोठा वाटतो. पण कोराडीच्या ६६० मेगावॉटच्या एका संचाने पूर्ण शक्तीने काम केले, तर तेवढी वीज तो अर्ध्या तासाच्या आतच निर्माण करतो. शिवाय ही ३ लाख युनिटे केवळ साठ्यातील. हाती त्यांचा थोडाच भाग येतो. दहावा हिस्सा आला असे धरले, तरी ती वीज त्या एका संचाची तीन मिनिटांचीही नव्हे. तेव्हा गटारातील वीज कोळशाची जागा घेईल असे जो सांगेल, त्याने हिशेब केलेला नाही असे खुशाल समजावे.

अडचणीही मोठ्या आहेत. एका घटाचा दाब एक व्होल्टही भरत नाही. अनेक घट एकामागे एक जोडले तर त्यांतील एखादा दुबळा घट उलटा फिरतो आणि साऱ्यांची शक्ती खातो. घट मोठा केला म्हणून वीज त्याच प्रमाणात वाढत नाही. पट्ट्यांवर थर बसतो. मैल्याचा गाळ कुजवून त्याच्या वायूवर इंजिन चालविणे हे आज याहून अधिक पक्के आणि स्वस्त तंत्र आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

मग या विषयाचे आपल्याला काय? साथींनो, हिशेबाची दुसरी बाजू अजून आपण पाहिलेली नाही. हवा फुंकून मैलापाणी शुद्ध करण्याची जी पद्धत सर्वत्र रूढ आहे, तिला दर घनमीटरला साधारण ०.३ ते ०.६ युनिट वीज लागते. त्यातील मोठा भाग नुसती हवा फुंकण्यात जातो. म्हणजे २ लाख घनमीटरना रोज ६० हजार ते १ लाख २० हजार युनिटे. ज्या द्रव्यात ३ लाख युनिटे आहेत, ते नाहीसे करण्यासाठी आपण लाखभर युनिटे वरून खर्च करतो! जिवाणूंच्या घटात ही हवा फुंकावी लागत नाही. त्याची खरी किंमत तो देईल त्या विजेपेक्षा तो वाचवील त्या विजेत आहे. जी लहान नगरपालिका विजेच्या बिलाच्या भीतीने शुद्धीकरण केंद्र बंद ठेवते आणि सारी घाण नदीत सोडते, तिच्या दृष्टीने हा फरक जीवनमरणाचा आहे. आपली नाग नदी काय वाहून नेते हे आपण जाणतो. ती घाण कन्हानमधून वैनगंगेत आणि पुढे गोसीखुर्दच्या जलाशयात जाते. नागपूरच्या घाणीची शिक्षा भंडाऱ्याच्या शेतकऱ्याने आणि मच्छीमाराने का भोगावी?

सांडपाण्याला किंमत आहे हे नागपूरला नव्याने सांगावे लागत नाही. २००८ साली महानगरपालिका आणि महानिर्मिती यांच्यात समझोता झाला आणि पुढे भांडेवाडीचे शुद्ध केलेले पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला पोहोचू लागले. पेंचचे तेवढे गोडे पाणी वाचले. ही चांगली गोष्ट झाली. पण जे कालपर्यंत फुकट टाकून दिले जात होते त्याला भाव आला, की त्याच्या मालकीचा प्रश्न उभा राहतो. हा मैला नागपूरच्या सर्व नागरिकांचा आहे. त्यातून जो पैसा येईल तो सर्वांत आधी जेथे आजही भुयारी गटार नाही त्या वस्त्यांवर खर्च झाला पाहिजे.

आणि जो माणूस या पाण्यात उतरतो त्याचे काय? हाताने मैला साफ करून घेण्यास बंदी करणारा कायदा १९९३ साली झाला, त्याहून कडक कायदा २०१३ साली झाला. गटारात मरण पावलेल्यांच्या कुटुंबास १० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आणि २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. रक्कम वाढवावी लागली, याचा अर्थच असा की मृत्यू थांबले नाहीत. उद्या हे घट बसले, तर त्यांच्या पट्ट्यांवरील थर कोण खरवडणार? त्यासाठी पुन्हा त्याच जातीतील, त्याच वस्तीतील माणूस टाकीत उतरविणार असू, तर त्या विजेचा दिवा आपल्या कामाचा नाही. पट्ट्या वरून उचलता येतील, टाकीत कोणालाही उतरावे लागणार नाही, अशीच रचना पहिल्या आराखड्यापासून असली पाहिजे. ही तांत्रिक मागणी आहे आणि ती आपणच केली पाहिजे. कारण टाकीत उतरण्याची पाळी ज्याच्यावर येत नाही, त्याला ती सहसा सुचत नाही.

१९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी स्थापन झालेली आणि १९७४ पासून 'नीरी' या नावाने ओळखली जाणारी राष्ट्रीय संस्था याच शहरात आहे. महानगरपालिकेने तिच्या साहाय्याने एखाद्या सार्वजनिक शौचालयावर मातीच्या पडद्याचे घट बसवून पाहावेत. रात्री तेथे जाणाऱ्या आयाबहिणींच्या वाटेवर चार दिवे लागले तरी प्रयोग सार्थकी लागेल. त्याचा खर्च, त्याची वीज आणि त्याचे अपयशसुद्धा जनतेपुढे मांडावे.

साथींनो, ही मागणी घेऊन झोन कार्यालयात जाण्यापूर्वी आपण एक काम करू. आपापल्या वस्तीचे सांडपाणी कोठे जाते, ते कोठे तुंबते आणि तुंबले की ते उपसायला कोण येतो, याची नोंद घरोघर फिरून करू. पुढच्या बैठकीत ती नोंदवही मध्ये ठेवूनच बोलू.