खिळे जुळवणारा मुलगा, पत्राचा मालक



आपण जमलो आहोत त्या ड्रोहेडाजवळच, डाउथ येथे, १८४४ साली जॉन बॉइल ओ'रायली जन्मला. वडील शाळामास्तर. पोरवयातच तो 'ड्रोहेडा आर्गस' पत्राच्या छापखान्यात खिळे जुळवू लागला.

पुढे ब्रिटिश पलटणीत राहून त्याने फेनियन बंडखोरांसाठी शिपाई फोडले. १८६६ साली फाशी ठरली. ती वीस वर्षांच्या सक्तमजुरीवर आली, आणि पुढच्या वर्षी त्याला जहाजाने ऑस्ट्रेलियाला धाडले. तो कैदी, आपले पूर्वज करारावरचे मजूर. दोन्ही गोष्टी एक नव्हेत. पण त्या जहाजावर कैद्यांनी हाताने लिहून साप्ताहिक काढले, चांगले सात अंक! त्यात ओ'रायलीही होता. आपल्या पणज्यांचे जहाजातले बोलणे कोण लिहिणार? नोंदवहीत नाव, नंबर, गाव.

१८६९ साली देवमाशांच्या शिकारीवर निघालेल्या अमेरिकन जहाजातून तो निसटला. बोस्टनला 'पायलट' पत्रात नोकरी धरली, आणि १८७६ साली आर्चबिशपांच्या भागीने ते विकत घेतले. पाव हिस्सा याचा. जुन्या मालकाचे दिवाळे निघाले होते, त्याच्याकडे गरीब आयरिश लोकांच्या ठेवी अडकलेल्या. नव्या मालकांनी पत्राच्या नफ्यातून त्या वर्षानुवर्षे फेडल्या. मॉरिशसच्या मळ्यांत एका खाड्याला दोन दिवसांची मजुरी कापत. त्या घरांतल्या आम्हाला ही फेड फार मोठी वाटते.

कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीही त्याने पत्र राबवले. १८९० साली तो वारला. डाउथच्या दफनभूमीत त्याचे स्मारक आहे. दुपारी आम्ही मुलांना तिकडे नेणार आहोत, छत्र्या घ्या.