शेतराखणीची बंदूक आणि जत्रा



पेडणे व डिचोली तालुक्यांतील बागायतदारांस पीकरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मिळतो. तो जत्रेत बार काढण्यासाठी नव्हे. ३ मे २०२५ रोजी शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत नुसत्या चेंगराचेंगरीने भाविकांचे प्राण गेले. तशा गर्दीत एक बार उडाला, तर गोळीपेक्षा भीतीनेच अधिक अनर्थ ओढवेल. शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार, समारंभात आनंदाप्रीत्यर्थ गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परवाना आहे, ही सबब तेथे चालत नाही. ग्रामस्थांनी बंदूक घरी कुलपात ठेवावी. शिक्षकांनी मुलांस हे समजावून द्यावे. जत्रेत धोंडांच्या हाती वेताची काठीच शोभते.