घरबसल्या प्रेक्षकाचे तिकीट : रास्त भावाचा प्रश्न



व्हिडिओ खेळ तयार करणाऱ्या कंपन्या आपल्या चाहत्यांची मोठमोठी संमेलने भरवतात. त्यांचे थेट प्रक्षेपण इंटरनेटवरून घरबसल्या प्रेक्षकांना दाखवले जाते आणि काही कंपन्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे पैसे आकारले आहेत. सभागृहात पाऊलही न टाकणाऱ्या या प्रेक्षकाकडून घेतली जाणारी किंमत रास्त आहे काय, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

तंजावर आणि कुंभकोणम यांच्या दरम्यान वसलेल्या, भातशेतीवर जगणाऱ्या पापनाशम तालुक्यात हा विषय प्रथमदर्शनी परका वाटेल. वस्तुतः तो तसा नाही. एक तर येथील तरुणांच्या हातातही मोबाइल आहे आणि त्यावरील खेळ त्यांच्या परिचयाचे आहेत. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण असे की, ‘रास्त’ या शब्दाचा अर्थ काय, यासाठी कावेरीच्या या खोऱ्यात जेवढा झगडा झाला तेवढा देशात फार थोड्या ठिकाणी झाला असेल.

रास्तपणा कोण ठरवणार?

तंजावर जिल्ह्यात जमीन मिरासदारांची आणि कष्ट कुळांचे व पण्णैयाळांचे, अशी व्यवस्था दीर्घकाळ चालत आली. कुळाने खंड कबूल केला, म्हणजे तो रास्तच असला पाहिजे, हा मिरासदारांचा युक्तिवाद होता. जमीन मूठभरांच्या हाती आणि ती कसायला मागणारे हजारो असताना कुळाच्या ‘कबुली’ला कितीसा अर्थ उरतो? शेतकरी चळवळीच्या रेट्यामुळे १९५२ साली या जिल्ह्यातील कुळांना व पण्णैयाळांना संरक्षण देणारा कायदा झाला. १९५६ साली रास्त खंडाचा कायदा झाला आणि ओलिताच्या जमिनीवरील खंडाला ढोबळ उत्पन्नाच्या ४० टक्क्यांची मर्यादा घातली गेली. पुढे ती २५ टक्क्यांवर आणण्यात आली.

या कायद्यांची अंमलबजावणी कितपत झाली, हा स्वतंत्र विषय आहे. परंतु त्यांनी एक तत्त्व प्रस्थापित केले. किंमत रास्त आहे की नाही, हे देणाऱ्याच्या संमतीवरून ठरत नाही. त्यासाठी तीन प्रश्न विचारावे लागतात. वस्तू निर्माण करण्यास खर्च किती व श्रम कोणाचे? देणाऱ्यापुढे दुसरा मार्ग होता काय? आणि घेतलेला पैसा गेला कोठे? हेच तीन प्रश्न आता घरबसल्या प्रेक्षकाच्या तिकिटाला लावून पाहता येतील.

चौथाईचा हिशेब

या व्यवहाराचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे अमेरिकेतील ब्लिझर्ड कंपनीचे ‘ब्लिझकॉन’ हे संमेलन. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’, ‘डायब्लो’, ‘ओव्हरवॉच’ हे खेळ या कंपनीचे. २००५ साली कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे तिने हे संमेलन प्रथम भरवले. २०१० साली सभागृहाचे तिकीट १५० डॉलरला होते, तर घरबसल्या प्रेक्षकासाठी काढलेले ‘व्हर्च्युअल तिकीट’ ३९.९५ डॉलरला. २०१८ साली सभागृहाचे तिकीट १९९ डॉलरवर गेले आणि व्हर्च्युअल तिकीट ४९.९९ डॉलरवर. २०१९ साली सभागृहासाठी २२९ डॉलर पडत, तर व्हर्च्युअल तिकीट मागील वर्षीच्याच किमतीला राहिले.

हे आकडे शेजारी शेजारी मांडले की एक गोष्ट चटकन ध्यानात येते. घरबसल्या प्रेक्षकाचे तिकीट सभागृहाच्या तिकिटाच्या चौथ्या हिश्शाच्या आसपासच राहिले. १८५५ पर्यंत भोसले घराण्याची गादी असलेल्या तंजावरात ‘चौथाई’ या शब्दाचा अर्थ सांगण्याची आवश्यकता नाही. चौथाई आकारताना मुलखावर खर्च किती केला, हे कोणी विचारत नसे. वसूल किती होऊ शकतो, एवढेच पाहिले जाई.

सभागृहाचे तिकीट महाग का, याला काही उत्तर आहे. जागा मोजक्या असतात. इमारतीचे भाडे, बंदोबस्त, वीज, सफाई हा सारा खर्च प्रेक्षकागणिक वाढतो. प्रक्षेपणाची गोष्ट निराळी आहे. पापनाशमजवळ तिरुप्पालैत्तुरै येथील मंदिराच्या आवारात नायक राजवटीतील विटांचे प्रचंड धान्यकोठार आजही उभे आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील या कोठारात सुमारे ३,००० कलम धान्य मावे, असे सांगतात. त्यातून एक माप धान्य एकाला दिले की दुसऱ्यासाठी एक माप कमी होते. थेट प्रक्षेपण मात्र एकाने पाहिले म्हणून दुसऱ्याच्या वाट्याचे कमी होत नाही. कॅमेरे, ध्वनियंत्रणा, निवेदक, भाषांतरकार यांचा खर्च एकदाच होतो. प्रत्येक नव्या प्रेक्षकामागे सर्व्हरचा आणि तारेचा जो खर्च वाढतो, तो त्या मानाने अल्प असतो. प्रेक्षक वाढले की माणशी खर्च उतरतो. मग किंमतही उतरावयास हवी होती. प्रत्यक्षात २०१० ते २०१८ या काळात ती २५ टक्क्यांनी चढली. अमेरिकेतील त्या काळातील महागाई जमेस धरली तरी वाढ उरतेच.

कंपनीच्या बाजूने असे म्हणता येईल की, या काळात प्रक्षेपणाचा दर्जा सुधारला, अधिक कार्यक्रम दाखवले जाऊ लागले आणि ते मागाहून पाहण्याची सोयही होती. हे म्हणणे खोटे नाही. ॲनाहाइमला सकाळी अकरा वाजता उघडणारे संमेलन भारतात रात्री साडेअकराला सुरू होते, तेव्हा मागाहून पाहण्याच्या सोयीचे मोल येथील प्रेक्षकाला अधिकच. परंतु खर्चामुळेच किंमत ठरत होती, हा दावा पुढील घटनांनी टिकू दिला नाही. २०२१ साली महामारीच्या काळात हे संमेलन केवळ इंटरनेटवर झाले आणि ते सर्वांना विनामूल्य दाखवण्यात आले. २०२३ साली ॲनाहाइमच्या सभागृहात संमेलन पुन्हा भरले, तेव्हाही प्रक्षेपण विनामूल्यच होते. काल ज्याला पन्नास डॉलर पडत होते ते आज फुकट देता येते, याचा अर्थ त्या पन्नास डॉलरचा खर्चाशी असलेला संबंध फार पातळ होता.

जोडविक्री

मग प्रेक्षक ही किंमत देत का होते? येथे दुसऱ्या प्रश्नाकडे यावे लागते. व्हर्च्युअल तिकिटासोबत खेळातील काही वस्तू मिळत: पात्रांचे खास पोशाख, निशाणे, सोबतीचे प्राणी. त्या एरवी मिळत नसत. अनेक खेळाडूंनी प्रक्षेपणापेक्षा या वस्तूंसाठीच तिकीट घेतले असेल, तर त्यात नवल नाही. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हा प्रकार चांगला ठाऊक आहे. युरियाचे पोते हवे असेल तर सोबत नको असलेले औषध घ्या, असे दुकानदार सांगतो. शेतकरी त्याला ‘लिंकिंग’ म्हणतात आणि त्याविरुद्ध तक्रारी करतात. खेळातील पोशाख ही खतासारखी निकडीची वस्तू नव्हे, हे खरे. परंतु विक्रीचा डाव तोच आहे. दोन वस्तू एका गाठोड्यात बांधल्या की प्रत्येकीचा भाव झाकला जातो आणि रास्तपणाची तपासणी अशक्य होते. २०२३ साली प्रक्षेपण मोकळे करून या वस्तू वेगळ्या विकल्या गेल्या, तेव्हा ही गाठ सुटू शकते हेही सिद्ध झाले.

‘परवडत नसेल त्याने घेऊ नये’ हे उत्तर येथे नेहमी दिले जाते. भाताविना माणूस जगत नाही, प्रक्षेपणाविना जगतो. म्हणून खंडाचा जुलूम आणि या तिकिटाचा भुर्दंड यांची बरोबरी करणे अतिशयोक्तीचे होईल. तरीसुद्धा एक साम्य उरते. त्या खेळाची मालकी एकाच कंपनीकडे, संमेलन तिचेच, प्रक्षेपणाचा अधिकारही तिचाच. खेळात शेकडो तास घातलेल्या चाहत्याला दुसऱ्या दुकानात जाता येत नाही. ही मक्तेदारी आहे, आणि मक्तेदारीच्या छायेत दिलेली संमती भावाच्या रास्तपणाचा पुरावा ठरत नाही. शिवाय या संमेलनांत जे दाखवले जाते त्याचा मोठा भाग पुढील वर्षी विकायच्या मालाची जाहिरातच असतो. जर्मनीतील गेम्सकॉमचा उद्घाटन कार्यक्रम याच कारणासाठी जगाला फुकट दाखवला जातो. जाहिरात पाहण्यासाठी गिऱ्हाइकाकडूनच तिकीट घेणे हा प्रकार विचार करण्याजोगा आहे.

एक किंमत, निराळे श्रमदिन

किंमत आकड्याने समान असली की ती सर्वांना समान पडते, हा आणखी एक भ्रम आहे. २०१८ सालचे ४९.९९ डॉलर त्या वेळच्या विनिमय दराने सुमारे ३,६०० रुपये होतात. अमेरिकेतील संघीय किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर होते. म्हणजे तेथील अगदी तळच्या मजुरालाही ही रक्कम मिळवण्यास आठ तासांचा एक दिवस पुरे. २०१८-१९ मध्ये तमिळनाडूत रोजगार हमीची मजुरी दिवसाला २२४ रुपये होती. त्या हिशेबाने पापनाशमच्या मजुराला त्याच तिकिटासाठी सोळा दिवस राबावे लागले असते. तिकडे एक दिवस, इकडे सोळा. रास्त भाव ठरवताना रुपये आणि डॉलर मोजण्याबरोबर श्रमाचे दिवसही मोजले पाहिजेत.

फुकट म्हणजे रास्त नव्हे

यावरून सर्व प्रक्षेपणे फुकट असावीत, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. पापनाशम तालुक्यातच मेलट्टूर हे गाव आहे. तेथे दरवर्षी नृसिंह जयंतीच्या सुमारास वरदराज पेरुमाळ मंदिरासमोर भागवत मेळ्याची नाटके रात्ररात्र चालतात. प्रेक्षकाकडून तिकीट घेतले जात नाही. नोकरीधंद्यासाठी दूरच्या शहरांत गेलेले कलावंत त्यासाठी गावी परततात. जवळच्या तिरुवैयारूला त्यागराज आराधनेत गायक-वादक मानधनाविना सेवा देतात, पंचरत्न कीर्तनांचे सामुदायिक गायन आकाशवाणी व दूरदर्शनवरून थेट ऐकवले-दाखवले जाते आणि त्यासाठीही श्रोत्याला काही मोजावे लागत नाही. रसिकांचा हाही एक वार्षिक मेळावाच. येथे प्रक्षेपणाचा खर्च सार्वजनिक तिजोरी उचलते आणि कलावंत आपले श्रम अर्पण करतो.

परंतु कलावंताच्या अर्पणावर सारे जग चालवता येत नाही. २०२० च्या महामारीत सभागृहे बंद पडली, तेव्हा मैफलींवर पोट असलेल्या वादकांचे आणि रंगमंच कामगारांचे हाल झाले. त्या वर्षीच्या डिसेंबरात चेन्नईतील सभांनी एकत्र येऊन तिकीट लावून मैफली इंटरनेटवर दाखवल्या. असे तिकीट कलावंताच्या व कामगाराच्या हाती पैसे पोचवत असेल, तर त्याला विरोध करण्याचे कारण नाही. फुकट प्रक्षेपणाचाही खर्च कोणीतरी भरतोच. कधी सरकार, कधी जाहिरातदार, कधी मोबदल्याविना राबणारा माणूस. म्हणून तिसरा प्रश्न निर्णायक ठरतो: पैसा कोठे गेला?

या कसोटीवर खेळांच्या उद्योगाचे चित्र समाधानकारक नाही. १२ फेब्रुवारी २०१९ रोजी ब्लिझर्डच्या तत्कालीन मालक कंपनीने, ॲक्टिव्हिजन ब्लिझर्डने, २०१८ सालच्या विक्रमी महसुलाची घोषणा केली आणि त्याच दिवशी सुमारे ८ टक्के कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करण्याचाही निर्णय जाहीर केला. चाहत्याने तिकिटावर खर्च केलेला पैसा आपल्या आवडत्या खेळाच्या निर्मात्यांना मिळतो, अशी त्याची समजूत असते. ती समजूत किती भाबडी आहे, हे त्या दिवशी दिसले. पुढे, जुलै २०२४ मध्ये, ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या पाचशेहून अधिक कर्मचाऱ्यांनी युनियन स्थापन केली. प्रेक्षकाच्या पैशाचा वाटा श्रमणाऱ्यापर्यंत पोचवण्याचा हा एक भरवशाचा मार्ग आहे.

रास्त भावाच्या अटी

सारांश असा. घरबसल्या प्रेक्षकाकडून पैसे घेणे मुळातच अन्याय्य नाही. परंतु ती किंमत सभागृहाच्या दुर्मिळ खुर्चीच्या किमतीवरून काढली जाते, तेव्हा तो खंड होतो. आणि तोही अशा जमिनीचा, जी कितीही जणांनी कसली तरी संपत नाही. अशी किंमत रास्त म्हणता येणार नाही.

ती रास्त व्हावयाची तर काही अटी पाळाव्या लागतील. प्रक्षेपणाचा खर्च आणि प्रेक्षकसंख्या जाहीर व्हावी आणि प्रेक्षक वाढतील तसा भाव उतरावा. खेळातील वस्तूंची जोडविक्री बंद होऊन प्रत्येक वस्तूचा भाव वेगळा दिसावा. देशोदेशींच्या मजुरीचे मान पाहून दर ठरावेत. निव्वळ जाहिरातीचा भाग सर्वांना मोकळा असावा. आणि उत्पन्नाचा निश्चित हिस्सा कॅमेऱ्यामागील, ध्वनियंत्रणेवरील आणि खेळ घडवणाऱ्या कामगारांना मिळावा.

यांतील एकही अट कंपनी आपखुशीने मान्य करणार नाही, असे कोणी म्हणेल. तंजावरच्या मिरासदारांनीही रास्त खंड आपखुशीने मान्य केला नव्हता. पिकाचा हिशेब खळ्यावर उघडपणे मांडण्याची मागणी कुळांनी एकत्र येऊन केली, तेव्हा कुठे ‘रास्त’ हा शब्द कायद्यात आला. खेळांचे चाहते जगभर विखुरलेले असले तरी संख्येने थोडे नाहीत, आणि एकमेकांशी बोलण्याची साधने त्यांच्यापाशी त्या कुळांहून कितीतरी अधिक आहेत. पुढचे तिकीट घेण्यापूर्वी त्यांनी हिशेब मागितला, तर सुरुवात झाली असे म्हणता येईल.